खाचेची काडी

एप्रिल आला की आमच्या कॉलेजात पुरवण्या बांधायच्या पांढऱ्या दोऱ्याला फार भाव येतो. वर्गात मुलं माना खाली घालून लिहीत असतात, डोक्यावरचा पंखा फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त, आणि मी त्या दोऱ्याचा गुंडा हातात घेऊन गंगापूर रोडच्या बाजूच्या खिडकीशी उभी असते. कोणी हात वर केला की पुरवणी द्यायची, दोरा तोडून द्यायचा, सही करायची. बाहेर कडुनिंब फुललेला असतो. वारा आला की त्याचा थोडा गोड, थोडा कडसर वास खिडकीतून आत येतो आणि मी उगाचच मनातल्या मनात सनावळ्या म्हणायला लागते. परीक्षा माझी नसते, तरीही.

परवा अशीच उभी होते, तर लांबून लेझीम ऐकू आली. चौदा एप्रिलची जयंती जवळ आलेली, कुठल्यातरी वस्तीत सराव चालला असणार. मागोमाग माइकवर कोणीतरी घसा खाकरला आणि हॅलो हॅलो सुरू झालं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं कपाळाला आठ्या घातल्या. शेजारच्या वर्गावरचे सहकारी दारात येऊन म्हणाले की या लोकांना परीक्षा वगैरे काही कळतच नाही. मी नुसती मान हलवली, पण मला हसू आवरेना. या लोकांना परीक्षेतलं किती कळतं हे सांगायला पेपरचे तीन तास पुरले नसते. शिवाय या लोकांमध्ये मीही येते, हे बिचाऱ्यांच्या ध्यानात नव्हतं.

मग उरलेला सगळा वेळ मी त्या खिडकीत नव्हतेच. मी आमच्या वसाहतीत होते, नाल्यापलीकडच्या त्या पत्र्याच्या समाजमंदिरात, पोत्याच्या तुकड्यावर मांडी घालून बसलेली.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. माझं मॅट्रिकचं वर्ष. तशी दहावी म्हणायची नवी पद्धत सुरू झाली होती, पण वसाहतीत सगळे मॅट्रिकच म्हणायचे. त्याला वजन जास्त होतं. त्या वर्षी संपामुळे परीक्षा लांबल्या आणि मार्च सोडून ऐन एप्रिलात येऊन बसल्या. काही पेपर जयंतीच्या अलीकडे, काही पलीकडे. आम्ही जयंतीच्या दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडलो होतो.

आमची वसाहत म्हणजे निफाड, सिन्नर, दिंडोरीकडून पोटापाण्यासाठी शहरात आलेली बौद्ध कुटुंबं. कोणी सातपूरला कारखान्यात, कोणी नगरपालिकेत, कोणी शाळेत शिपाई. माझे अप्पा टपाल खात्यात होते. घरं एकखणी, दोनखणी. बऱ्याच घरांत वीज नव्हतीच, आणि होती तिथे एकच दिवा आणि त्याखाली स्वयंपाक, भांडण, पाहुणे, झोपलेलं तान्हं पोर, सगळंच. पण समाजमंदिर सगळ्यांनी मिळून उभं केलं होतं. बायकांनी नाल्यातली वाळू डोक्यावरून वाहिली होती. तिथे गुळगुळीत कोबा होता, लांबच लांब नळीचे दिवे होते आणि भिंतीवर मधोमध तसबीर होती, कोटातली, चष्म्यातली, थेट बघणारी. दिवेलागणीला आम्ही परीक्षेवाले आपापलं पोतं घेऊन तिथे जमायचो. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी निवताना टकटक वाजायचा. रविवारच्या वंदनेच्या उदबत्तीचा वास आठवडाभर तिथे रेंगाळायचा. मला आजही उदबत्तीचा वास आला की भूमितीतली प्रमेयं आठवतात. याचा माझ्या धर्मभावनेवर काय परिणाम झाला ते मला सांगता येणार नाही.

आमच्यात एक वच्छलाकाकू होत्या. तिशी उलटलेली, दोन लेकरांची आई, नगरपालिकेच्या बालवाडीत मदतनीस. मुलांची नाकं पुसायची, त्यांना शी-शूला न्यायचं, बाईंची खुर्ची झटकायची. त्या सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून मॅट्रिकला बसल्या होत्या. आधी एकदा गणितानं आणि इंग्रजीनं मिळून त्यांना आपटलं होतं. यंदा पास झाल्या तर बालवाडीत शिक्षिकेची जागा मिळायची होती. नाही झाल्या, तर पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येत होती. म्हणजे यंदाच. त्यांच्या घरी कंदील, आणि सासू अशी की दिवा मिणमिणत राहिला तरी तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे. समाजमंदिर नसतं तर काकूंना पुस्तक उघडायला जगात दुसरी जागा नव्हती.

त्यांचे यजमान द्राक्षांच्या हंगामात निफाडच्या ट्रकवर असायचे. घडांवरून गळालेले मणी टॉवेलात बांधून आणायचे. काकू ते धुऊन पितळी ताटलीत आमच्यामध्ये ठेवायच्या. एक गणित सुटलं की एक मणी, असा नियम त्यांनीच केला आणि त्यांनीच सगळ्यात आधी मोडला. माझ्याकडून त्या बीजगणित शिकायच्या आणि मी त्यांच्याकडून न घाबरणं शिकायचे. मोबदला कोणाला जास्त मिळाला, यात मला शंका नाही.

जयंती मंडळाचे अध्यक्ष दामूअण्णा. सातपूरला लेथवर काम करायचे, अंगानं पैलवानी, आवाज असा की त्यांना माइक कशाला हवा असायचा हे मला कधी कळलं नाही. मनानं लोणी. पण आदल्या वर्षी शेजारच्या वस्तीनं चित्ररथ असा काही काढला होता की आमची मिरवणूक त्यामागे चाललेल्या वऱ्हाडासारखी दिसली. अण्णांना ते वर्षभर झोंबत होतं. यंदा दोन चित्ररथ, नवी गायन पार्टी, लेझमीचा मोठा ताफा असा बेत. सराव रोज संध्याकाळी माइकवर, आणि चित्ररथाचं काम समाजमंदिरात, कारण दिवे तिथेच होते.

त्यासाठी बैठक भरली. आमच्याकडे कोणतीही गोष्ट बैठकीशिवाय होत नसे. नळाला तोटी बसवायची तरी बैठक. पुरुष पुढे, बाया मागे, पोरं दारात आणि खिडक्यांत. अण्णा तसबिरीखाली उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, यंदाची जयंती जोरात व्हावी असं ज्यांना ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा. सांगायला नकोच, पहिला हात त्यांचाच.

आता तुम्हीच सांगा, त्या तसबिरीसमोर, त्या प्रश्नाला, हात खाली कोण ठेवणार? ज्यांच्यामुळे आमच्या हातात पाटी आली त्यांची जयंती जोरात नको म्हणायचं? सगळे हात वर गेले. अप्पांचा गेला, आईचा अप्पांकडे बघून गेला, माझा गेला. मान वळवून पाहिलं तर वच्छलाकाकूंचाही हात वर होता, अगदी सरळ, शाळेतल्या मुलीसारखा. एकमतानं मंजूर. टाळ्या झाल्या. आणि घरी जाताना कोणी कोणाशी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर मी हंडा लावून उभी होते. एकेक बाई येत होती आणि हळूच म्हणत होती की पोरांच्या परीक्षा आहेत, पण सगळ्यांनाच हवं म्हटल्यावर आपण कोण बोलणार. हे पहिलीनं म्हटलं, दुसरीनं म्हटलं, तिसरीनंही तेच. माझा हंडा भरून वाहायला लागला तरी माझं लक्ष नव्हतं. त्या सगळ्याजणी एकमेकींना सगळे म्हणत होत्या. तिकडे पुरुषांचंही तेच. अप्पा दाढी करता करता आरशाला सांगत होते की लोकांची इच्छा आहे तर आपण आड का यावं. लोक म्हणजे कोण, हे आरशानं विचारलं नाही.

आता मी मुलांना राज्यशास्त्र शिकवते. अभ्यासक्रमात एक प्रकरण आहे: सामूहिक निर्णय आणि सार्वजनिक हित. त्यात दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक अशी, की प्रत्येकाला जे हवं त्याची बेरीज केली म्हणजे सगळ्यांच्या हिताचं निघतंच असं नाही. दुसरी अशी, की साधीसुधी पुष्कळ माणसं मिळून एखाद्या हुशार माणसापेक्षा बरोबर निर्णय घेऊ शकतात, पण अट एकच, प्रत्येकानं आपल्या डोक्यानं विचार करायला हवा. शेजारच्याचं बघून केला तर माणसं कितीही असोत, डोकं एकच. हे शिकवताना मला नेहमी ती बैठक दिसते. त्या दिवशी वर गेलेल्या हातांत खरा हात एकच होता, अण्णांचा. बाकीच्या त्या हाताच्या सावल्या होत्या. मी हे फळ्यापाशी रंगून सांगत असते आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, मॅडम, हे परीक्षेला येतं का.

सराव सुरू झाला. गायन पार्टी उत्तम गायची, तक्रार तीच होती. गाणं वाईट असतं तर कानांत बोळे घालता आले असते. चांगलं गाणं पुस्तकातून उठवतं. आम्ही पोती घेऊन नाल्याच्या कठड्यावर, रस्त्याच्या दिव्याखाली बसलो. डास, धूळ, येणाऱ्याजाणाऱ्याचं काय चाललंय पोरांनो. वच्छलाकाकू दोन दिवस आल्या. तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तर त्या अंधारात दाराशी बसून भाताच्या तांदळातले खडे हातानंच चाचपत होत्या. म्हणाल्या, जाऊ दे शोभा, एवढी वस्ती खूश हाय, एका बाईच्या मॅट्रिकचं काय घेऊन बसायचं. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या शांत होत्या.

रविवारी वंदना असायची. ती चालवायचे काशिनाथबाबा, आमचे बौद्धाचार्य. एरवी जकात नाक्यावर कारकून, पण लग्न असो, नामकरण असो, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन असो, पांढरा सदरा घालून तेच उभे. वंदनेनंतर ते पोथीतलं थोडं वाचून दाखवायचे. आवाज संथ, आणि वाचन असं की बायका डुलक्या काढायच्या, पण मान मात्र होकाराची हलवायच्या. त्या रविवारी त्यांनी जुन्या भिक्खुसंघाबद्दल वाचलं. संघात वाद झाला की शलाका वाटायच्या, म्हणजे लाकडाच्या काड्या. एका मताची एक, दुसऱ्याची दुसरी. ज्याचा कोणाकडे ओढा नाही, कोणाचा द्वेष नाही, ज्याला मोह नाही आणि कोणाची भीती नाही, असा माणूस त्या गोळा करायचा. आणि उघड काडी उचलायला संकोच होत असेल, तर गुप्तपणे. आम्ही हे अनेकदा ऐकलं होतं. सगळ्यांनी माना हलवल्या.

तेव्हा मागून वच्छलाकाकू उभ्या राहिल्या. आज वंदनेला त्या आल्यात हेच मला आधी दिसलं नव्हतं. पदर घट्ट लपेटलेला होता.

"बाबा, हे निस्तं वाचायचं का करायचं बी?"

डुलक्या घेणाऱ्या जाग्या झाल्या. अण्णा म्हणाले की ठराव एकमतानं झालाय, तो पुन्हा उकरता येत नाही. काशिनाथबाबांनी पोथी मिटली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हे सगळं त्यांनी इतकं सावकाश केलं की अण्णाच अस्वस्थ झाले. मग बाबा एवढंच म्हणाले की एकमत असेल तर काड्याही एकाच तऱ्हेच्या निघतील, मग भ्यायचं कशाला. अण्णा पैलवान माणूस. भिण्याचं नाव काढल्यावर ते नाही म्हणूच शकत नव्हते.

ठरलं खरं, पण लगेच नवं भांडण लागलं. काड्या ओळखायच्या कशा? कोणीतरी म्हणालं, एका मताच्या काड्या निळीत बुडवू, दुसऱ्याच्या कोऱ्या ठेवू. झालं, दोन्ही बाजूंना निळी काडीच हवी. जयंतीवाले म्हणाले, निळा रंग जयंतीचा. परीक्षेवाल्यांचे बाप म्हणाले, शिका म्हणून कोणी सांगितलं, मग निळा रंग शिक्षणाचा. एरवी मवाळ असलेले माझे अप्पासुद्धा निळ्यावरून हमरीतुमरीवर आले. जगात कुठे निवडणुकीत उमेदवार बाजूला राहून रंगासाठी असं भांडण झालं असेल असं मला वाटत नाही. शेवटी बाबांनी रंगच बाद केला. खराट्याच्या काड्या घ्यायच्या. काहींना विळीनं खाच पाडायची, काही साध्या ठेवायच्या. परीक्षा होईपर्यंत समाजमंदिर अभ्यासाला असावं असं ज्याला वाटेल त्यानं खाचेची काडी टाकायची. सराव आणि चित्ररथ तिथेच व्हावेत असं वाटेल त्यानं साधी. प्रत्येक सज्ञान माणसाला, बाईलाही, एकेक जोडी. एक काडी पडद्याआडच्या माठात टाकायची, उरलेली पदरात, खिशात लपवून आणायची आणि घरच्या चुलीत घालायची.

आणखी एक हरकत निघाली. वच्छला स्वतःच परीक्षेला बसलेली, तिला काडी कशी द्यायची? काकू खाली बघत राहिल्या. बाबा म्हणाले की मग अण्णा स्वतः अध्यक्ष, त्यांना तरी कशी द्यायची. स्वार्थ नसलेला माणूस शोधायला गेलो तर माठ रिकामाच राहील. मग ते जागेवरून उठले, तसबिरीकडे एकदा बघितलं आणि आमच्याकडे तोंड करून बोलले. त्यांचा वाचनाचा संथ आवाज तेव्हा नव्हता.

"आत गेल्यावर मला काय हवं, ते स्वतःला विचारू नका. वसाहतीला काय हवं, ते विचारा. आणि उत्तर आपलं आपण द्या."

पुढे मी राज्यशास्त्राची पुष्कळ पुस्तकं वाचली. इतक्या कमी शब्दांत ते मला कुठेही सापडलं नाही.

आईच्या लग्नातल्या हिरव्या साडीचा पडदा कोपऱ्यात बांधला होता. आम्हा पोरांना मत नव्हतं, म्हणून आम्ही बाहेर उंबराखाली बसलो होतो आणि खिडकीतून एकेकाची पाठ बघत होतो. पुरुष झटकन जाऊन यायचे. बायका मात्र आत गेल्या की येईचनात. माझी आई गेली ती आत राहिलीच. अप्पा बाहेर येरझारा घालायला लागले. लग्न झाल्यापासून आईनं त्यांच्याकडे न बघता कधी हात वर केला नव्हता, आणि आता मधे साडी होती. ती बाहेर आली तेव्हा मान ताठ होती. अप्पांनी तिला काही विचारलं नाही आणि तिनंही काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून अप्पा तिला बाजारातून काय आणू असं विचारायला लागले, हे माझं निरीक्षण आहे; पुरावा माझ्याकडे नाही.

सगळ्यात जास्त वेळ लागला वच्छलाकाकूंना. पडद्याखालून त्यांची पावलं दिसत होती. एकदा ती माठाकडे वळली, मग भिंतीकडे, मग पुन्हा माठाकडे. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. आमच्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, सुटल्या एकदाच्या.

बाबांनी माठ तसबिरीखाली चादरीवर उपडा केला. खाचेच्या काड्या एका बाजूला, साध्या दुसऱ्या बाजूला. आधी वाटलं की ते चुकून एकाच बाजूला टाकताहेत. खाचेच्या काड्यांचा ढीग झाला, दोन्ही ओंजळींत मावेना असा. साध्या काड्या चिमटीत धरता येतील एवढ्याच. क्षणभर कोणालाच काही समजेना. मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, आणि तुझी पण? तुझी पण? असं करत करत समाजमंदिरभर हसू पसरत गेलं. एवढे दिवस सगळे एकमेकांसाठी नको ती गोष्ट करायला निघाले होते. मी खिडकीच्या गजांना धरून ओरडले होते, काय ओरडले ते आठवत नाही. वस्ती जिंकली होती, आणि कोणाशी लढून नव्हे. इतका निखळ आनंद मला पुढे माझ्या कुठल्याच निकालाच्या दिवशी झाला नाही.

त्याच काड्यांवर तिथेच दारात चहा उकळला, म्हणजे पुन्हा कोणी मोजायला नको आणि माग काढायला नको. धुराचा वास लागलेला, गुळाचा, पाणचट चहा. अण्णा पहिला घोट घेऊन म्हणाले की खाचेची काडी मी बी टाकली. कोणाचा विश्वास बसला नाही. अण्णा शपथ घ्यायला लागले तसे लोक अधिकच हसले. त्या चिमूटभर साध्या काड्या अण्णांच्या आणि त्यांच्या चेल्यांच्या, हे वसाहतीनं ठरवून टाकलं ते कायमचं.

पण माणूस मोठ्या मनाचा. गायन पार्टी त्यांनी नाल्यापलीकडच्या मोकळ्या पटांगणात हलवली, माइकशिवाय. लेझमीला चिंध्या बांधून सराव केला, म्हणजे पावलं बसतील पण आवाज होणार नाही. इतकी माणसं एका ठेक्यात नाचताहेत आणि आवाज फक्त पायांचा, असं दृश्य मी पुन्हा कधी पाहिलं नाही. समाजमंदिरात पोती परत आली, ताटली परत आली, मणी परत आले. काकूंच्या लेकरांना आलटूनपालटून एकेक घर जेवू घालू लागलं. सासूबाईंनी तर कमाल केली. आमच्यात येऊन बसायच्या आणि कोणी कुजबुजलं की काठी आपटायच्या. त्या काठीचाच आवाज सगळ्यात मोठा व्हायचा, पण तो बंद करा म्हणायची कोणाची छाती नव्हती.

जयंती उजाडली. दुसऱ्या दिवशी आमचा इतिहासाचा पेपर. चित्ररथ तर तयारच नव्हता, जागाच नव्हती. तेव्हा अण्णांनी ट्रक मागवला, समाजमंदिरातली तसबीर फुलांनी सजवून त्यात उंचावर बसवली आणि आम्हाला म्हणाले, चला, पुस्तकं घ्या आन् बसा वर. आम्ही म्हटलं, उद्या पेपर आहे. ते म्हणाले, म्हणून तर. अभ्यासच करायचाय, नाटक नाय करायचं.

आणि खरंच, तो आमचा चित्ररथ झाला. तसबिरीखाली पोती टाकून आम्ही परीक्षेवाले, मधोमध पांढऱ्या साडीतल्या वच्छलाकाकू. पुढे लेझीम, आता चिंध्या सोडून, महिनाभर कोंडलेला सगळा खणखणाट एकदम मोकळा झालेला. गुलाल नाही, निळा रंग आभाळभर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती आणि आम्हाला बघून आधी गप्प व्हायची, मग टाळ्या वाजवायची. शेजारच्या वस्तीचा कारंज्याचा रथ आमच्या मागे होता. त्याकडे कोणी बघेना. मला तर एक ओळ वाचता आली नाही, पुस्तक उलटं धरलं होतं असं आई आजही सांगते. वच्छलाकाकू मात्र खरोखर वाचत होत्या. ओठ हलत होते. चौकात अण्णांनी काकूंच्या नावाचा जयजयकार केला तेव्हा त्यांनी हातानं जरा गप्प राहा अशी खूण केली, सनावळी चुकत होती म्हणून.

त्या पास झाल्या, गणितातसुद्धा. मीही झाले, पण माझे पेढे कोणाच्या लक्षात नाहीत. वसाहतीत पेढे वाटले गेले ते काकूंचे, आणि वाटले सासूबाईंनी. समाजमंदिराला पुढे एक खोली वाढवली, कायमच्या अभ्यासासाठी. आणि मोठ्या प्रश्नावर काड्या काढायची रीत पडली ती आजही चालू आहे. निवडणुका आल्या की पक्षांची माणसं जीप घेऊन येतात, समाजमंदिरात बसून हात वर करायला लावतात. आमची माणसं आनंदानं हात वर करतात. आतल्या आत त्यांना ठाऊक असतं की हात वेगळा आणि काडी वेगळी.

परवा पर्यवेक्षण आटोपून मी थेट वसाहतीत गेले. बालवाडी सुटत होती. वच्छलाकाकूंच्या, आता वच्छलाबाईंच्या, केसांत पांढरं दिसायला लागलंय. एका मुलाच्या सदऱ्याची बटणं लावत होत्या. मदतनीस आहे, पण नाकं अजून स्वतःच पुसतात. आम्ही उंबराखाली बसलो. अण्णा गेल्या वर्षी निवृत्त झाले, ते समोरच्या ओट्यावर लेझमीच्या कड्या घट्ट करत बसले होते. मी काकूंना सांगितलं की मी दरवर्षी वर्गात त्यांची गोष्ट सांगते. पडदा, माठ, सगळं. आणि शेवटी सांगते की एका बाईचं सगळं आयुष्य टांगणीला लागलं होतं आणि तिनं आपली खाचेची काडी टाकली.

काकू हसल्या. बराच वेळ हसत राहिल्या.

"शोभा, मी साधी टाकली व्हती."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी समोर ओट्याकडे बघितलं, अण्णांना ऐकू जात नाही याची खात्री केली आणि हळू आवाजात सांगू लागल्या. "बाबा म्हनले, तुला काय पायजे ते नको इचारू. मला तर खाचेचीच पायजे व्हती, हातातून सुटंना. पर मी लय इचार केला. म्हनलं, एवढी मानसं, एवढ्या हौसेनं हात वर केले. वस्तीला जयंतीच पायजे. मंग टाकली साधी, आन् रडले."

मी दरवर्षी मुलांना चुकीचं शिकवत होते, आणि खरं होतं ते त्याहून कितीतरी मोठं होतं. ते ढीग आठवले, तो मोठा आणि ती चिमूट. काकूंचे पुसलेले डोळे आठवले. म्हणजे बाबांनी माठ उपडा केला तेव्हा त्या ढिगाकडे बघून समाजमंदिरात सगळ्यात जास्त थक्क झालेलं माणूस म्हणजे काकूच असणार. जवळजवळ अख्खी वस्ती त्यांच्या बाजूनं होती आणि विरोधातल्या त्या चिमटीत त्या स्वतः होत्या.

"मी चुकले," काकू म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मी मिरवणुकीतही पाहिला नव्हता. "वस्तीला काय पायजे ते मला कळलंच नव्हतं. वस्तीला मी पायजे व्हते."

ओट्यावरून अण्णांनी लेझीम एकदा झणकारून बघितली. मी डोळे पुसले आणि म्हटलं, काकू, निदान अण्णांना तरी सांगा, बिचारे दहा वर्षं शपथा घेताहेत. त्या म्हणाल्या की औंदाच्या जयंतीला सगळ्यांपुढं सांगणार हाय. मग उठल्या, साडीची धूळ झटकली, एक पोर अजून घ्यायला कोणी आलं नव्हतं त्याला कडेवर घेतलं, आणि जाता जाता मागे वळून म्हणाल्या,

"हे बी शिकव तुझ्या पोरांला. परीक्षेला नाय आलं तरी."